नव्या एसयूव्हीतला सुरक्षेचा दोष वर्कशॉपकडून कसा मान्य करून घ्यावा

नवी एसयूव्ही घेतल्यावर महिन्याभरात काहीतरी खटकायला लागतं. मग चहूबाजूंनी सल्ले येतात. 'पहिल्या सर्व्हिसिंगला सांगा', 'नवीन गाडी आहे, रुळेल', 'सगळ्यांच्याच गाड्यांना असं होतं'. डॅशबोर्डच्या करकरीसाठी हे सल्ले चालून जातील. पण ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग किंवा वायरिंग यांच्याबाबत ते सरळसरळ धोकादायक आहेत, आणि देणारी माणसं आपल्या जवळची असतात म्हणून ते जास्त धोकादायक. घरच्यांच्या, मित्रांच्या आणि सोसायटीतल्या नव्या गाड्यांच्या तक्रारी घेऊन मी पुण्यातल्या वर्कशॉपमध्ये इतक्या वेळा बसलोय, की गाडं नेमकं कुठे अडतं ते आता पाठ झालंय.

आणखी एक सल्ला हमखास मिळतो: 'पाच स्टारची गाडी आहे, काळजी कसली?' हे स्टार देणारी 'भारत एनकॅप' ही धडक-चाचणी १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली आणि तिचं काम आपल्या भोसरीच्या सीआयआरटी या रस्ते वाहतूक संस्थेकडे आहे. या चाचणीत समोरून ताशी ६४ किलोमीटरने आणि बाजूने ५० ने धडक देऊन गाडीचा सांगाडा नि एअरबॅग आतल्या माणसाला किती वाचवतात ते पाहतात. चाचणी नमुन्याच्या गाडीची होते. तुमच्या गाडीच्या चाकाजवळचा कनेक्टर कारखान्यात नीट बसवला होता का, हे त्या ताऱ्यांवरून कळत नाही.

आधी दोष आणि स्वभाव वेगळे करा

ताशी ८० च्या पुढे गेल्यावर बीप वाजते आणि १२० च्या पुढे सतत वाजते, हा दोष नाही. १ जुलै २०१९ पासून तो नियमच आहे. डिझेल गाडीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला, तर आधी तुमचा रोजचा रस्ता आठवा. कोथरूड ते हिंजवडी रांगत जाणाऱ्या गाडीचा फिल्टर साफ व्हायला वावच मिळत नाही. तिला सातारा रस्त्याने सलग पंधरा-वीस मिनिटं एका वेगात पळवा. त्यानंतरही दिवा परत आला, तर ती तक्रार.

एडीएएसवाल्या, म्हणजे कॅमेरा-रडारने समोरचं पाहून स्वतः ब्रेक मारणाऱ्या, गाड्यांबद्दल पुण्यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. दुचाकी समोर तिरकी घुसली आणि गाडीने स्वतःहून ब्रेक मारला, तर यंत्रणा तिचं काम करतेय. रस्ता मोकळा असताना, पुलाच्या सावलीत शिरताना ब्रेक लागला, तर तो दोष आहे आणि मागून धडक बसण्याइतका गंभीर आहे. समोरची काच बदलली असेल, तर काचेमागच्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन (पुन्हा अचूक जुळवणी) झालं का, ते पहिलं विचारा.

स्क्रीन गोठणं ही कटकट आहे. त्याच स्क्रीनवरचा वेगाचा आकडा किंवा रिव्हर्स कॅमेरा गायब होणं हा मात्र सुरक्षेचा प्रश्न. सनरूफमधून टिपकणाऱ्या पाण्याचंही तसंच. निचऱ्याची नळी तुंबली की पाणी खांबातून उतरून पायाशी असलेल्या वायरिंगवर जातं. तिथे फडकं टाकून पावसाळा काढू नका.

काही लक्षणं दिसली तर गाडी चालवत वर्कशॉपला न्यायचीच नाही: ब्रेकचं पेडल खाली जाणं, स्टिअरिंग मध्येच जड होणं, पेट्रोलचा किंवा जळकट वास. एअरबॅगचा लाल दिवा लागून राहिला, तर अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही. रोडसाइड असिस्टन्सला फोन करा. गाडी ऑटोमॅटिक किंवा फोर व्हील ड्राइव्ह असेल, तर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) मागा, चाकं उचलून ओढून नेऊ देऊ नका.

रिकॉल आहे का ते पाहा

एकाच दोषासाठी कंपनी विकलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावते, तो रिकॉल. तुमच्या गाडीला तो आहे का, हे कंपनीच्या संकेतस्थळावर १७ अक्षरी चॅसी नंबर टाकला की कळतं. वर्कशॉपमध्ये याला 'कॅम्पेन' म्हणतात. 'पेंडिंग कॅम्पेन आहे का' असं विचारलंत की काउंटरवरचा सर्व्हिस सल्लागार लगेच सिस्टीममध्ये बघतो. मोठ्या कंपन्यांकडून अशा चुका होत नाहीत असं समजू नका. जानेवारी २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एअरबॅग कंट्रोलरसाठी १७,३६२ गाड्या परत बोलावल्या. त्यात ब्रेझा आणि ग्रँड विटारा होत्या, आणि भाग बदलेपर्यंत गाडी चालवू नका असं कळवलं होतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महिंद्राने इंजिनाजवळच्या वायरिंगच्या तपासणीसाठी १,०८,३०६ एक्सयूव्ही ७०० बोलावल्या.

बाहेरून लावलेले दिवे, हॉर्न, अँप यांच्यासाठी वायर कापली असेल, तर वॉरंटी नाकारायला आयतं कारण मिळतं. बाजूची एअरबॅग सीटमध्ये असेल, तर बाहेरून आणलेलं जाडजूड सीटकव्हर आजच काढा.

पुरावा

व्हिडिओ चालकाने काढायचा नाही, शेजारच्याने काढायचा. एकच सलग तुकडा हवा, त्यात किलोमीटर, वेग आणि दिवा दिसायला हवा. पुरे.

जॉबकार्ड: सगळं इथेच ठरतं

जॉबकार्ड म्हणजे गाडी ताब्यात घेताना वर्कशॉप तुमची तक्रार नोंदवतं तो कागद. त्यावर जे लिहिलंय तेवढीच तुमची तक्रार. काउंटरवर अर्धा तास जे बोललात त्याला कागदाचा आधार नाही. पुढे कंपनी असो वा ग्राहक आयोग, विचारतात ते जॉबकार्ड.

या पायरीवर माझा चांगलाच घाम निघालेला आहे. वहिनीच्या नव्या गाडीत सकाळी तळघरातून वर येताना 'ऑटो होल्ड (ब्रेकवरून पाय काढला तरी गाडी धरून ठेवणारी सोय) उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश यायचा आणि रॅम्पवर गाडी मागे सरकायची. मागे शाळेच्या बससाठी मुलं उभी असायची. वर्कशॉपने गाडी घेतली, दुपारी सपाट रस्त्यावर गरम इंजिनाने फिरवली आणि लिहिलं, 'तपासले, ओके'. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेला गाडी धुऊन 'ओके'. त्यांनी तपासलं हे खरंच होतं. पण दोष जिथे आणि जेव्हा येतो तिथे, तेव्हा तपासलं नव्हतं, कारण जॉबकार्डवर फक्त 'ऑटो होल्ड प्रॉब्लेम' एवढंच होतं.

म्हणून तक्रार लिहिताना निदान लिहू नका, परिस्थिती लिहा. डॉक्टरला आपण 'पोट कुठे आणि कधी दुखतं' ते सांगतो, औषधाचं नाव सांगत नाही, तसंच. 'ब्रेक खराब' हे वाक्य निरुपयोगी आहे. असं लिहा: 'रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर, चढावर, 'डी' गिअरमध्ये, ब्रेकवरून पाय काढताच मागे सरकते. डॅशबोर्डवर पिवळा दिवा येतो. पाऊस झाल्यावर जास्त वेळा.' इंजिन थंड की गरम, वेग किती, गिअर कोणता, रस्ता कसा, कोणता दिवा, हे पाचही आलं पाहिजे. सल्लागार टॅबवर ते 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार तपासणे' एवढ्यावर आणतो. तिथे थांबवा. जागा पुरत नाही म्हणाला, तर तुमचा कागद जोडून त्याच्यावर शिक्का मागा, आणि तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने पाठवा. सही करण्याआधी वाचा. घाईत असाल तर त्या दिवशी गाडी सोडूच नका.

सुरक्षेच्या तक्रारीत काचेचा आवाज, परफ्यूमचा डाग, मॅटचं बटण असली यादी मिसळू नका. त्या किरकोळ गोष्टी पाच मिनिटांत होतात, बिलावर सगळ्यांपुढे 'पूर्ण' लागतं आणि खरी तक्रार त्यात वाहून जाते. तिच्यासाठी वेगळं जॉबकार्ड काढा. शनिवारी जाऊ नका. आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळची पहिली वेळ घ्या, तेव्हा वर्कशॉपमधला जाणता मेकॅनिक मोकळा असतो.

मग टेस्ट ड्राइव्ह. तुम्ही गाडीत बसल्याशिवाय ती झाली असं समजू नका. आधी तुम्ही चालवा, दोष दाखवा, मग मेकॅनिकला चालवू द्या. सुटताना आणि परतताना किलोमीटर लिहून घ्या. रस्ता तुम्ही ठरवा, पण डोकं वापरून. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर सरळ, सपाट रस्ता हवा. उतारावर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरत असेल, तर कात्रजचा जुना घाट सकाळी लवकर गाठा. नवले पुलाच्या उतारावर ब्रेकची चाचणी अजिबात करू नका. मागून भरलेले ट्रक उतरत असतात, तिथे किती जीव गेलेत ते पुण्यात कुणाला सांगायला नको.

दोष फक्त सकाळी येत असेल, तर गाडी रात्रभर वर्कशॉपमध्ये ठेवा आणि सकाळी पहिला स्टार्ट तुमच्यासमोर करायचा, असं जॉबकार्डवर लिहून घ्या. वहिनीच्या गाडीचं कोडं असंच सुटलं. रात्री सर येऊन गेली होती. सकाळी स्टार्ट केली, वर्कशॉपच्याच रॅम्पवर गाडी मागे आली आणि स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी वाचणारं यंत्र, लावल्यावर 'सी'ने सुरू होणारा दोषाचा कोड दिसला. मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कनेक्टर उघडला तर आतलं रबरी सील दुमडलेलं, आणि एका पिनेवर हिरवट थर. पाणी शिरलं की चाकाच्या वेगाचा सिग्नल तुटायचा, तो तुटला की स्थैर्य यंत्रणा बंद, आणि तिच्याबरोबर चढावर गाडी धरणंही बंद. दुपारपर्यंत उन्हाने सगळं सुकायचं आणि गाडी 'ओके' व्हायची.

या कोडचं नीट समजून घ्या. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, 'बी' बॉडी आणि एअरबॅग, 'सी' ब्रेक-स्टिअरिंग-चासी, 'यू' यंत्रणांमधला आपसातला संवाद. स्कॅनर लावून कोड पुसला की दिवा जातो, दोष जात नाही. म्हणून 'कोड पुसण्याआधी प्रिंट द्या' हे आधीच लिहून ठेवा. प्रिंट मिळत नाही म्हणाले, तर स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो काढा.

आणि 'या मॉडेलला असंच असतं' हे उत्तर मिळालं, तर दोन गोष्टी मागा. एक, हेच वाक्य लेखी द्या. दोन, याच मॉडेलची, याच इंजिनाची डेमो गाडी काढा आणि त्याच रस्त्यावर फिरवू. तिच्यात तसं झालं नाही, तर ते जॉबकार्डवर लिहून घ्या. लेखी मागितल्यावर ते वाक्य बहुतेकदा मागे घेतलं जातं. आवाज चढवायची गरज नाही. समोरचा मेकॅनिक तुमचा शत्रू नाही, नीट माहिती मिळाली की तोच दोष शोधून देतो.

'तपासले, ओके' असं लिहिलेल्या कार्डावर सही करायची वेळ आली, तर स्वतःच्या हाताने खाली लिहा: 'दोष कायम, तक्रार मागे घेतलेली नाही', आणि मग सही करा.

दुरुस्तीनंतर

कोणता भाग बदलला त्याचा नंबर बिलावर घ्या, वॉरंटीत शून्य रुपयांचं असलं तरी बिल घ्या, आणि ज्या परिस्थितीत दोष यायचा त्याच परिस्थितीत गाडी पुन्हा चालवून बघा.

तरीही सुटलं नाही तर

तोच दोष पुन्हा आला, की डीलरच्या मॅनेजरच्या पुढे जा. कंपनीच्या ग्राहक सेवेत तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्या आणि कंपनीच्या तांत्रिक माणसाने गाडी पाहावी अशी मागणी करा. त्यासोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. रिकॉलसाठीच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका. मोटार वाहन कायद्यातलं रिकॉलचं कलम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे, आणि एका मॉडेलच्या तक्रारी विक्रीच्या मानाने ठरावीक संख्येवर गेल्या, की सरकारला चौकशी करून कंपनीला गाड्या परत बोलवायला लावता येतं. तुमची एक तक्रार त्या मोजणीत धरली जाते.

आपल्याकडे 'इतक्या वेळा बिघडली की गाडी बदलून द्या' असा कायदा नाही. कुणी तसं ठासून सांगत असेल, तर ऐकू नका. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सदोष क्लचच्या प्रकरणात सांगितलंय, की वॉरंटीत भाग बदलून काम भागत असेल, तर अख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश योग्य नाही. पण २०२२ मध्ये क्रेटाच्या एअरबॅग अपघातात उघडल्या नाहीत, तेव्हा त्याच न्यायालयाने भरपाई आणि गाडी बदलून देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा जोर किती होता याचं गणित ग्राहकाने मांडावं अशी अपेक्षा नाही, असंही म्हटलं.

गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल, तर तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात जाते. गाडी मुंबईत घेतली असली, तरी तुम्ही पुण्यात राहत असाल तर पुण्यातच दाखल करता येते. १० ते २० लाखांच्या गाडीला शुल्क ४०० रुपये, २० ते ५० लाखांना १,००० रुपये. वकील सक्तीचा नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, 'बघू, करू' म्हणत ती घालवू नका. तक्रारीतच गाडीची प्रयोगशाळेत किंवा तज्ज्ञाकडून तपासणी मागा, नाहीतर निर्मिती दोष सिद्ध करणं फार जड जातं. मागण्या एकाखाली एक लिहा: तज्ज्ञासमोर दुरुस्ती, भागावर वाढीव वॉरंटी, ते शक्य नसेल तर गाडी बदलून किंवा पैसे परत.

जॉबकार्ड पुष्कळदा थर्मल कागदावर छापतात आणि वर्षभरात अक्षरं उडतात. मिळाल्या दिवशी झेरॉक्स काढा, फोटोही काढून ठेवा.