मालगाडीचा शेवटचा डबा: एचओ स्केलमध्ये अमेरिकन कबूस कसा बनवायचा

लहानपणी मनमाडला मामाकडे गेलो की मालगाडीचे डबे मोजायचो आणि शेवटी गार्डचा डबा आला की हात हलवायचो, गार्डकाका पण झेंडा हलवायचे. अमेरिकेत मालगाडीच्या मागे असाच डबा असायचा, त्याला कबूस म्हणतात. पण आपल्या गार्डच्या डब्यापेक्षा त्यात संसार जास्त. कोळशाची शेगडी, झोपायला बंक, कंडक्टरचं (म्हणजे तिथल्या गार्डचं) टेबल, आणि छतावर खिडक्यांची छोटी खोली, तिला कपोला म्हणतात, तिथे बसून पुढच्या डब्यांच्या चाकांतून धूर निघतोय का ते बघायचं. 1980 च्या दशकात शेवटच्या डब्याच्या कपलरला (डबे जोडायच्या कडीला) लावायचं छोटं यंत्र आलं, ते ब्रेक पाइपचं प्रेशर थेट इंजिनात कळवतं, मग हे डबे हळूहळू गेलेच.

म्हणून माझं म्हणणं असं की कबूसचं छोटं मॉडेल बनवताना तो माणसं राहायची तो डबा आहे हे डोक्यात ठेवा. जिथे हात लागायचा, पाय पडायचा, धूर जायचा, तिथे मेहनत घ्या, बाकी बाजू साध्या राहिल्या तरी चालतं.

पहिलं काम म्हणजे एक खरा डबा आणि एक काळ ठरवा आणि त्याचे फोटो शोधा. पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा 1942 चा एन5सी प्रकारचा डबा घेतलात तर त्याच्या खिडक्या जहाजासारख्या गोल, बाल्टिमोर अँड ओहायोच्या बऱ्याच डब्यांना कपोला नाहीच, बाजूला बाहेर आलेली बे विंडो आहे. नवीन असाल तर साधा कपोलावाला प्लास्टिक किट घ्या. एचओ म्हणजे 1:87, खऱ्याच्या 87 पट लहान, त्यामुळे 30 फुटी डबा साधारण 105 मिमी होतो, तळहातावर मावतो.

किटचे पार्ट साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, नाहीतर साच्याच्या तेलकटपणामुळे रंग धरत नाही. वाळू द्या.

आता खरं काम, हँडरेल, म्हणजे चढताना धरायचे दांडे. स्वस्त किटमध्ये हे दांडे भिंतीलाच चिकटून ओतलेले असतात आणि त्यानेच मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. नव्या ब्लेडने आडवं धरून थोडं थोडं तासा, एका घावात काढायला गेलात तर भिंतीत खड्डा पडतो आणि लाकडी फळ्यांच्या रेषा असल्या तर त्या परत आणणं फार त्रासाचं. मग सुईने टोक मारून 0.35 मिमीच्या ड्रिलने हाताने भोक पाडा, पिन व्हाइस (बारीक ड्रिल धरायची छोटी मूठ) बोटांत फिरवायचा, मोटर नको, प्लास्टिक वितळतं. तार 0.3 मिमी पितळेची. खरा दांडा 18 इंचाचा असेल तर मॉडेलवर सव्वापाच मिमी येतो, त्या मापाचा पत्र्याचा तुकडा कापून त्यावर तार वाकवा म्हणजे सगळे दांडे एकसारखे होतात. बसवताना भिंत आणि तार यांच्यामध्ये जाड कागदाची पट्टी सरकवा, आतून सुपर ग्लूचा थेंब लावा, सुकलं की पट्टी काढा. दांडा भिंतीपासून सुटा दिसतो आणि खाली त्याची सावली पडते, मला तर सगळ्या कामात हा क्षण सगळ्यात आवडतो! डब्याच्या टोकाच्या उघड्या व्हरांड्याच्या वळणदार रेलिंगसाठी तार 1.5 मिमी ड्रिलच्या दांड्याभोवती वळवा.

रंग बहुतेक कंपन्यांचा लाल, युनियन पॅसिफिकचे नंतरचे पिवळे, पण फोटोवर विश्वास ठेवा. पातळ दोन-तीन हात मारा, डेकल (नाव-नंबरांचे पातळ स्टिकर) लावायच्या जागी ग्लॉस वार्निश, डेकल बसले की सगळ्यावर मॅट.

खिडक्या यानंतरच लावायच्या, आणि सुपर ग्लू बिलकुल नको, त्याच्या वाफेने काच पांढरी पडते, माझा एक अख्खा कपोला असा वाया गेला. फेव्हिकॉल वापरा, सुकल्यावर पारदर्शक होतो.

आत शेगडी, टेबल, दोन बंक एवढं पुरे, खिडकीतून तेवढंच दिसतं. शेगडी मात्र छतावरच्या धुराड्याच्या बरोबर खाली हवी, हे लोक हमखास विसरतात. दिवा हवा असेल तर वॉर्म एलईडी, ब्रिज रेक्टिफायर (वीज कोणत्याही दिशेने आली तरी एकाच दिशेने पुढे देणारा पार्ट) आणि 1 किलो-ओहमचा रेझिस्टर घ्या.

मळवण्यासाठी पेस्टल खडूची पूड आणि मऊ ब्रश. धुराड्याभोवती काळी काजळी, एका बाजूला जरा जास्त. पायऱ्यांच्या कडेला आणि दाराच्या मुठीजवळ रंग उडालेला दाखवायला स्पंजच्या तुकड्याने गडद तपकिरी टिपा, अगदी थोडं. खालच्या बाजूला रुळांची धूळ.

वजन विसरू नका. अमेरिकन मॉडेल रेल्वेवाल्यांच्या एनएमआरए संस्थेचा हिशोब म्हणजे 1 औंस अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस, म्हणजे 4 इंची डब्याला 3 औंस, साधारण 85 ग्रॅम. वजनासाठी बोल्टचे नट डब्याच्या आत फरशीला चिकटवा, वर नको, डबा डुलतो.

सगळ्यात शेवटी मार्कर दिवे. हे फक्त गाडीच्या मागच्या टोकाच्या दोन कोपऱ्यांवर, मागे लाल. दिवे कोणत्या टोकाला येणार हे आधी ठरवा आणि कायमचे न चिकटवता भोकात नुसते खोचा, म्हणजे डबा उलटा जोडावा लागला तर काढून दुसऱ्या टोकाला लावता येतात. मग गाडीला जोडून सगळ्यात लहान वळणावर हळू फिरवून बघा, चाक पायरीला घासलं तर पायरीची आतली कड थोडी तासा.