परदेशस्थ भारतीयांमधील मधुमेहाचा अभ्यास कसा आखावा

अमेरिकेतील भारतीयांमधल्या मधुमेहाचा किंवा हृदयविकाराचा अभ्यास करायचा असेल, तर हाती आलेल्या आकडेवारीत ‘आशियाई’ या एकाच रकान्यात कोणाकोणाला कोंबले आहे, हे आधी तपासावे. जपानी, फिलिपिनो आणि गुजराती यांची मिळून काढलेली सरासरी त्यांच्यापैकी कोणाच्याच उपयोगाची नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१० मध्ये सॅन फ्रान्सिस्को परिसरात आणि शिकागोत दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांचा ‘मसाला’ हा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला (इंग्रजी आद्याक्षरांचे हे नाव मुद्दाम जुळवून आणलेले दिसते). त्यातील मोजमापाच्या पद्धती ‘मेसा’ या आधीच्या बहुवांशिक अभ्यासाशी मिळत्याजुळत्या ठेवल्यामुळे इतर गटांशी तुलना करता आली. तेव्हा नव्या संशोधकानेही तुलना कोणाशी करायची ते ठरवून, तिथे वापरलेलीच मापे घ्यावीत.

केवळ बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती या मापावर, विसंबू नये. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते : दोघांचाही बीएमआय २२.३, मात्र शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून कंबरेचा घेर मोजावाच, आणि मधुमेहाच्या तपासणीसाठी बीएमआयची मर्यादा २५ ऐवजी २३ धरावी.

आहाराचे प्रश्न स्वयंपाकघराच्या हिशेबाने विचारावेत. ‘रोज तेल किती खाता?’ याचे उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. तेलाचा डबा किती दिवस पुरतो आणि घरात जेवणारी माणसे किती, हे मात्र चटकन सांगता येते. उपवासाची नोंद वेगळी ठेवावी, कारण वाडगाभर साबुदाण्याची खिचडी खाल्लेला माणूसही ‘आज उपवास होता’ एवढेच सांगून मोकळा होतो.

खरी कसोटी नमुना निवडताना लागते. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात एका दुपारी भरपूर नावे मिळतात, परंतु टॅक्सीचालक, मोटेलमध्ये रात्रपाळी करणारे, विमा नसलेले आणि मुलांकडे राहायला आलेले वृद्ध आईवडील त्या यादीत फारसे येत नाहीत, आणि आरोग्यातील विषमता तर नेमकी त्यांच्याचकडे शोधायची असते. अशा वृद्धांची मुलाखत त्यांच्या भाषेत, शक्यतो एकांतात घ्यावी. सुनेला दुभाषी म्हणून बसवले, तर गोळ्या परवडत नाहीत म्हणून एक दिवसाआड घेते, हे सासूबाई तिच्यादेखत सांगणार नाहीत.