सोसायटीच्या गच्चीवर सोलर लावताय? या चुका टाळा

सर्वसाधारण सभेत सोलरचा विषय निघाला की चर्चा हमखास एकाच प्रश्नावर येते: "किती किलोवॉट बसवायचं?" खरं तर हा प्रश्न चौथा किंवा पाचवा यायला हवा. पुणे-पिंपरी भागातल्या सोसायट्यांना वीजबिलाच्या कामात मदत करताना मला त्याच त्या चुका दिसत राहतात. त्यांतल्या बहुतेक चुका पॅनेल गच्चीवर चढण्याआधीच झालेल्या असतात.

गळती तशीच ठेवून पॅनेल लावणं

माझ्या लेखी ही सगळ्यांत मोठी चूक. कॉमन मीटरचं, म्हणजे लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे अशा सामायिक वापराचं बिल फुगलंय, तर ते का फुगलंय हे न बघता वर सोलर चढवायचं. वाया जाणारी वीज सूर्याची असली तरी ती वायाच जाते, आणि तिच्यासाठी पॅनेलचे पैसे मोजलेले असतात.

एका सोसायटीने २० किलोवॉटचा कोट घेऊन ठेवला होता आणि तो तपासायला मला बोलावलं. वर जाण्याआधी मी इमारतीला बाहेरून एक फेरी मारली. मागच्या भिंतीवर, ओव्हरफ्लोच्या पाइपपासून थेट तळमजल्यापर्यंत, वीतभर रुंद शेवाळाचा हिरवा पट्टा उतरला होता. मार्च संपत आला होता आणि पट्टा हाताला ओला लागत होता. म्हणजे पाणी रोज वाहत होतं. गच्चीवर गेल्यावर कारण कळलं: टाकीतला फ्लोट (पाण्याची पातळी ओळखणारा तरंगता स्विच) तुटलेला, मोटर आपोआप बंद करणाऱ्या कंट्रोलरची वायर कुणीतरी काढून बाजूला बांधून ठेवलेली. वॉचमन रात्री मोटर चालू करायचा आणि वरून पाणी पडल्याचा आवाज आला की बंद करायचा. गेटवर गाडी आली, पार्सलवाला आला, की मोटर तशीच चालू राहायची. यात वॉचमनचा काहीही दोष नव्हता, त्याला कामच तसं नेमून दिलं होतं.

आता हिशोब बघा. ७.५ एचपीचा पंप साधारण साडेसहा किलोवॉट ओढतो. तो रोज दोन तास जास्त चालला तर १३ युनिट गेले. आपल्याकडे १ किलोवॉट सोलर वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं. म्हणजे त्या २० किलोवॉटपैकी तीनहून जास्त किलोवॉट निव्वळ भिंतीवरून वाहणाऱ्या पाण्यासाठी लागले असते. फ्लोट आणि कंट्रोलर दुरुस्त करायचा खर्च त्यापुढे अगदीच किरकोळ.

पार्किंगचंही तसंच. चोक असलेली जुनी ४० वॉटची ट्यूब चोकसकट पन्नासच्या पुढे जाते, एलईडी २० वॉटमध्ये तेवढाच उजेड देते. बेसमेंटला अशा ६० ट्यूब चोवीस तास जळत असतील तर निव्वळ त्या बदलून दिवसाला ४३ युनिट वाचतात. हे जवळपास ११ किलोवॉट सोलरचं काम झालं, आणि त्याला गच्चीचा एक चौरस फूटही लागला नाही. अर्ध्या दिव्यांना मोशन सेन्सर लावले तर बचत आणखी वाढते.

माझी सवय सांगतो. कोट मागवण्याआधी महिनाभर कॉमन मीटरचं रीडिंग रोज दोनदा घ्यायला लावतो: रात्री ११ ला आणि पहाटे ५ ला, वहीत, पेनाने. त्या सहा तासांत सगळे झोपलेले असतात. तरीही मीटर जोरात पळत असेल तर काहीतरी विनाकारण चालू आहे. ते शोधल्याशिवाय मी पुढे जात नाही. महिना फार होतो अशी तक्रार दर वेळी येते. पॅनेलची परफॉर्मन्स वॉरंटी २५ वर्षांची असते, त्यापुढे महिना काहीच नाही.

मेमधली गच्ची बघून डिसेंबरचा निर्णय घेणं

दुसरी चूक सावलीची, आणि हिच्याबद्दल मी सभेत नेहमीच आवाज चढवून बोलतो.

एका सोसायटीचं काम मार्चअखेरीस ठरलं, व्हेंडरचा माणूस मे महिन्यात भर दुपारी गच्ची मोजून गेला. पुण्यात शून्य सावली दिवस मेच्या मध्याला येतो. त्या सुमारास दुपारी गच्चीवर उभं राहिलं तर स्वतःच्या पायाखालीच सावली असते, टाकीची काय दिसणार? त्याने टाकीच्या आणि लिफ्टच्या मशीन रूमच्या उत्तरेची मोकळी जागा बघून तिथे दोन ओळी आखल्या. पावसाळ्यानंतर सिस्टिम सुरू झाली, ऑक्टोबर बरा गेला. नोव्हेंबरपासून युनिट घसरायला लागले. थंडीत हवा स्वच्छ, आकाश निरभ्र, तरी असं का, म्हणून सगळे इन्व्हर्टरला, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणाऱ्या यंत्राला, दोष देत बसले. व्हेंडरने पॅनेल पुसायला सांगितलं. डिसेंबरात सकाळी नऊला मी वर गेलो तेव्हा टाकीची सावली पहिल्या ओळीवर पूर्ण आणि दुसऱ्या ओळीवर अर्धी पसरली होती.

डिसेंबरात पुण्यात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. तीन मीटर उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेकडे पावणेतीन मीटर जाते, आणि सकाळी नऊला ती उंचीच्या दुपटीहून लांब असते. वर आणखी एक गोष्ट: पॅनेल एकामागे एक जोडून त्यांची स्ट्रिंग केलेली असते, सगळ्यांतून एकच करंट वाहतो. चार पॅनेल सावलीत गेली की नुकसान त्या चारांपुरतंच राहील याची खात्री नसते. पॅनेलमधले बायपास डायोड (सावलीतल्या भागाला वळसा घालून करंट पुढे नेणारे) थोडं सांभाळून घेतात, पण रोज दोन-तीन तास त्यांच्या भरवशावर सिस्टिम चालवणं हे डिझाइन नव्हे.

शेवटी त्या दोन ओळी काढून दक्षिणेच्या कडेला हलवाव्या लागल्या. स्ट्रक्चरचे पाय गच्चीत बोल्टने ठोकलेले, ते काढल्यावर वॉटरप्रूफिंग गेलं, आणि पुढच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरच्या दोन घरांत ओल आली. एका दुपारच्या घाईचं एवढं सगळं रामायण.

जमलं तर डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात सकाळी नऊला आणि दुपारी चारला गच्चीवर जा आणि सावलीची रेघ खडूने आखून फोटो काढा. त्या रेघांच्या आत पॅनेल नको. तेवढं थांबायचं नसेल तर व्हेंडरकडून २१ डिसेंबरचं सावलीचं चित्र लेखी मागा. सॉफ्टवेअरवर ते काढता येतं, आणि जो ते द्यायला टाळाटाळ करतो त्याला काम देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. दक्षिणेला मोकळा प्लॉट असेल तर तिथे किती मजले येणार आहेत याचीही चौकशी करा.

जास्त बसवलं की जास्त फायदा, हा समज

सोलरची उरलेली वीज वीज कंपनीच्या लाइनवर, म्हणजे ग्रिडवर, द्यायची आणि ती बिलातून वजा करून घ्यायची, याला नेट मीटरिंग म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे २०१९ चे नियम दोन गोष्टी सांगतात. तुमची सोलर क्षमता मंजूर भारापेक्षा, म्हणजे वीज कंपनीने तुमच्या मीटरला मंजूर केलेल्या किलोवॉटपेक्षा, जास्त असता कामा नये. आणि वापरून उरलेले युनिट पुढच्या बिलात जमा होत राहिले, तरी आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहतील ते वीज कंपनी वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते. तुम्ही वीज विकत घेता तो दर तुम्हाला मिळत नाही. मोठी सिस्टिम बसवण्यासाठी मंजूर भार वाढवला तर फिक्स्ड चार्जही वाढू शकतो. त्यामुळे गळती थांबवून जो वर्षाचा खरा वापर उरेल, त्याच्या थोडं आतच मी आकडा ठेवतो. पुढे इलेक्ट्रिक गाड्यांचे चार्जिंग पॉइंट वाढतील म्हणून आत्ताच दुप्पट बसवण्याची गरज नाही. जागा राखून ठेवा, इन्व्हर्टर नंतर वाढवता येतो.

सबसिडीचा आकडा चुकीचा धरणं

केंद्र सरकारच्या पीएम सूर्य घर योजनेतल्या सबसिडीचा ७८,००० रुपयांचा आकडा सगळ्यांच्या तोंडी आहे. तो स्वतंत्र घराच्या ३ किलोवॉट आणि त्यावरच्या सिस्टिमसाठी आहे. सोसायटीच्या सामायिक सोयींसाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, दिवे, चार्जिंग, किलोवॉटला १८,००० रुपये आहेत, आणि त्याला घरामागे ३ किलोवॉट व एकूण ५०० किलोवॉट अशी मर्यादा आहे. पॅनेल देशी बनावटीचीच हवीत. स्वस्त पडतात म्हणून दुसरी घेतली तर सबसिडी विसरा. कोटमध्ये "देशी बनावटीची पॅनेल" हे शब्द लिहून घ्या.

लाईट गेल्यावर सोलर चालेल असं सभासदांना सांगणं

हे कमिटीनेच सांगितलेलं मी ऐकलंय. बॅटरी नसलेला ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाईट गेली की स्वतःहून बंद होतो, आणि तो बंद झालाच पाहिजे. नाहीतर लाइन बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. हे सभेत आधीच स्पष्ट सांगा, म्हणजे पहिल्या भारनियमनाला भांडणं होणार नाहीत. सोसायटीला जनरेटर असेल तर सोलर आणि जनरेटर एकत्र कसे चालणार हे डिझाइनमध्येच ठरवून घ्या. जनरेटरवर भार कमी आणि ऊन कडक असलं की सोलरची वीज उलटी जनरेटरमध्ये शिरू शकते, आणि त्याने तो बिघडतो.

आता थोडक्यात काही. उंच स्ट्रक्चर करून खाली गच्ची वापरायची असेल तर वाऱ्याच्या भाराचा हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनेच घ्या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ कोकण किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा काय करू शकतो ते रायगडने पाहिलंय. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरचे कनेक्टर दोन्ही बाजूंनी एकाच कंपनीचे हवेत. वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण पक्के बसत नाहीत. ते तापतात, आणि डीसीची ठिणगी सहज विझत नाही. बोअरवेलच्या जड पाण्याने पॅनेल धुवू नका, काचेवर क्षारांचा थर बसतो. भर उन्हात तर अजिबात धुवू नका, पहाटेच धुवा. दोन ओळींमध्ये माणूस जाईल एवढी वाट ठेवा, नाहीतर कुणी तरी पॅनेलवर पाय देणारच. इमारत चार-पाच वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार असेल तर सिस्टिम काढून हलवायचा खर्च कोण करणार हे आत्ताच लिहून घ्या.

आणि कमिटी बदलते तेव्हा. बऱ्याच सोसायट्यांत इन्व्हर्टरच्या अ‍ॅपचा पासवर्ड जुन्या सेक्रेटरींच्या फोनमध्ये असतो, ते फ्लॅट विकून गेलेले असतात, आणि एक स्ट्रिंग कित्येक महिने बंद पडलेली कुणाला कळत नाही. अ‍ॅपचं खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडा. वॉरंटीची कार्डं, पॅनेलच्या सीरियल नंबरांची यादी, वायरिंगचा नकाशा आणि नेट मीटरचा करार एका फाइलमध्ये घालून ऑफिसच्या कपाटात ठेवा. दर महिन्याच्या १ तारखेला तीन आकडे टिपा: सोलरने किती वीज बनवली, ग्रिडला किती गेली, ग्रिडकडून किती आली. बिल आलं की त्यातले आयात-निर्यातीचे युनिट या आकड्यांशी ताडून बघा. फरक दिसला तर त्याच आठवड्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. मार्चचं बिल तर कमिटीतल्या दोघांनी मिळून तपासा, कारण वर्षाच्या शिल्लक युनिटांचा हिशोब त्यातच मिटतो.