प्रोसिजर अ‍ॅपमध्ये रखडते, स्टुडिओत पळते: डेटाबेस सपोर्टमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

डेटाबेस सपोर्टमध्ये पहिल्या वर्षी येणारी बरीचशी तिकिटं सरळ असतात. कुणाचा अ‍ॅक्सेस गेला, कुठे नको तिथे नल आलं, रात्रीचा एखादा जॉब अर्ध्यात पडला. ती तुम्ही लवकरच हातासरशी सोडवायला लागाल, त्यांच्यावर इथे वेळ घालवत नाही. जॉइन, इंडेक्स, ट्रान्झॅक्शन हे सगळं येतं असंही धरून चालते. मला लिहायचंय ते एकाच प्रकारच्या तिकिटाबद्दल, कारण त्याने माझी झोप घालवली होती आणि तेव्हा ते कुणी नीट समजावून सांगितलं नाही. अ‍ॅप्लिकेशनमधून स्टोअर्ड प्रोसिजर (सर्व्हरवर नावानिशी साठवलेली क्वेरी) टाइमआउट होते, आणि तीच प्रोसिजर त्याच पॅरामीटरसकट मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे आपण क्वेरी चालवतो त्या टूलमध्ये, चालवली की क्षणात उत्तर हजर.

माझं काम एसक्यूएल सर्व्हरवर चालतं, म्हणून सगळं त्याच्याबद्दलच आहे. ओरॅकल किंवा पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनाही हा प्रश्न वेगळ्या वेषात भेटतो, पण तिथले नियम वेगळे आहेत, ते इथून उचलू नका.

हे तिकीट आलं की काय होतं ते आधी सांगते, म्हणजे घाबरणार नाही. कॉलवर क्लायंट असतो, लीड असतो, नेटवर्कवाला असतो, डेव्हलपर असतो. डेव्हलपर म्हणतो डेटाबेस स्लो आहे. तुम्ही क्वेरी चालवून दाखवता, ती पळते. मग नेटवर्कवाल्याकडे बोट जातं, तो त्याचे आलेख दाखवतो, त्यात काहीच नसतं. जिल्ह्याच्या कॉलेजातून बीएस्सी करून पुण्यात आलेल्या, इंग्रजीत दोन वाक्यं बोलतानाही घसा कोरडा पडणाऱ्या मुलीला त्या क्षणी वाटतं की आपल्यालाच काही येत नाही. तसं नसतं. अ‍ॅपवाला खरं बोलतोय, तुम्हीही खरंच बोलताय. दोघं एकाच नावाची प्रोसिजर चालवताय, पण सर्व्हर दोघांसाठी दोन वेगळे प्लॅन, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने आणायचा याच्या दोन आखण्या, वापरतोय. इतकंच.

त्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: क्वेरी हळू चालतेय की नुसती थांबलीय? चालू रिक्वेस्ट दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये, म्हणजे डीएम एक्झेक रिक्वेस्ट्समध्ये, ब्लॉकिंग सेशन आयडी शून्य नसेल आणि वेट टाइप एलसीके ने (म्हणजे लॉकची वाट पाहणं) सुरू होत असेल, तर पुढचं सगळं या घडीला सोडून द्या. कुणीतरी लॉक धरून बसलंय, त्याला शोधा. सीपीयू टाइम थोडा आणि एकूण वेळ मोठा, हीसुद्धा थांबल्याचीच खूण. हे बघायला एक मिनिट लागतं आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत.

आता मूळ सापळा. हा भाग सावकाश वाचा, लांबला तरी चालेल.

प्रोसिजर पहिल्यांदा चालते तेव्हा ऑप्टिमायझर, म्हणजे सर्व्हरचा प्लॅन ठरवणारा भाग, त्या वेळी आलेल्या पॅरामीटरच्या किमती बघतो, त्यांच्यासाठी किती ओळी निघतील याचा अंदाज स्टॅटिस्टिक्सवरून (कॉलममध्ये कोणत्या किमती किती वेळा येतात याच्या नोंदीवरून) बांधतो, प्लॅन करतो आणि कॅशेमध्ये ठेवतो. पुढे येणारे सगळे तोच प्लॅन वापरतात. याला पॅरामीटर स्निफिंग म्हणतात आणि एरवी ही चांगली सोय आहे, कारण दर वेळी प्लॅन करत बसायला सीपीयू लागतो. अडचण येते ती डेटा एकसारखा नसतो तेव्हा. समजा ऑर्डरींच्या टेबलात दहा लाख ओळी आहेत. त्यातल्या नऊ लाख एकाच मोठ्या वितरकाच्या, बाकीच्या हजारो छोट्यांमध्ये विभागलेल्या. रविवारी रात्री इंडेक्स मेंटेनन्स झाला, स्टॅटिस्टिक्स ताजी झाली, जुना प्लॅन बाद झाला. सोमवारी सकाळी पहिला कॉल आला एका छोट्या वितरकाचा. त्याच्या दहा-बारा ओळींसाठी इंडेक्स सीक (इंडेक्समधून नेमक्या ओळी गाठणं) आणि त्यापुढे की लुकअप (प्रत्येक ओळीचे उरलेले कॉलम मूळ टेबलातून आणणं) हा उत्तम प्लॅन, तोच कॅशेत बसला. थोड्या वेळाने मोठा वितरक आला. आता नऊ लाख वेळा लुकअप. डॉट नेटच्या कमांडला मुळात ३० सेकंदांचा टाइमआउट असतो, तो संपतो आणि स्क्रीनवर एरर येते.

मग तुम्ही स्टुडिओ उघडता, मोठ्या वितरकाचा तोच नंबर देऊन प्रोसिजर चालवता आणि ती पळते. का?

कारण कॅशेमधला प्लॅन नुसत्या प्रोसिजरच्या नावावर सापडत नाही. कनेक्शनच्या सेट सेटिंग्जही जुळाव्या लागतात. त्यातलं एक सेटिंग म्हणजे अरिथअबॉर्ट, गणिती चूक झाली की क्वेरी थांबवायची का ते ठरवणारं. स्टुडिओ ते ऑन ठेवतो, डॉट नेट किंवा ओडीबीसीतून आलेलं कनेक्शन ऑफ ठेवतं. या एका फरकामुळे सर्व्हरला तुमच्यासाठी प्लॅन सापडत नाही, तो नवा करतो, आणि तो करताना तुम्ही दिलेली मोठ्या वितरकाची किंमत बघतो. म्हणजे तुम्हाला तुमच्या मापाचा कोरा प्लॅन मिळाला. अ‍ॅपवाले अजून सकाळच्या प्लॅनवरच अडकलेत. स्टुडिओत क्वेरी पळाली याने अ‍ॅपबद्दल काहीही सिद्ध होत नाही. मायक्रोसॉफ्टच्या कागदपत्रांत या सेटिंगच्या पानावर इशारा दिलेला आहे की यामुळे वेगळे प्लॅन मिळून हळू क्वेरीचा शोध अवघड होऊ शकतो. पण अडचणीत सापडल्याशिवाय ते पान कोण उघडतं?

इथे एक कडक सूचना. शोधलंत तर पहिल्या काही उत्तरांतच मिळेल: प्रोसिजरच्या सुरुवातीला सेट अरिथअबॉर्ट ऑन टाका, वेग वाढतो. हे करू नका. एएनएसआय वॉर्निंग्ज हे दुसरं सेटिंग ऑन असेल, आणि या कनेक्शनांत ते असतंच, तर आजच्या कंपॅटिबिलिटी लेव्हलवर (डेटाबेस कोणत्या आवृत्तीसारखा वागेल ते ठरवणारा आकडा) अरिथअबॉर्टने क्वेरीच्या वागण्यात काही बदल होत नाही. ती ओळ टाकल्यावर वेग वाढतो, कारण ओळ टाकण्यासाठी तुम्ही प्रोसिजर आल्टर केली आणि त्यासरशी वाईट प्लॅन गेला. एखादी रिकामी कॉमेंट टाकून आल्टर केली असती तरी हेच झालं असतं. पुढच्या मेंटेनन्सनंतर दुखणं परत येतं, आणि आता प्रोसिजरमध्ये एक गूढ ओळ आहे जी काढायला सगळे घाबरतात.

सर्व्हर रिस्टार्टचंही तेच. रिस्टार्टने बरं वाटतं कारण सगळी कॅशे रिकामी होते. जो सिनियर प्रत्येक वेळी रिस्टार्ट सुचवतो त्याच्या हाताखाली तुम्ही शिकणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे, मग त्याचा अनुभव कितीही वर्षांचा असो. मला खरं शिकवलं ते एका रिपोर्टिंगच्या टीममधल्या ताईंनी. त्या डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, नव्हत्या. काहीही घेऊन गेलं की एकच विचारायच्या, "प्लॅन सेव्ह केलास का?" उत्तर नाही असेल तर परत पाठवायच्या. तेव्हा राग यायचा. असं माणूस भेटलं तर त्याच्या जवळची खुर्ची पकडा.

मग करायचं काय? स्टुडिओच्या खिडकीत आधी सेट अरिथअबॉर्ट ऑफ चालवा, मग प्रोसिजर. बहुतेक वेळा तुम्हालाही अ‍ॅपसारखीच रखडलेली प्रोसिजर बघायला मिळेल, आणि त्या क्षणी हायसं वाटेल, कारण जे हाताशी घडवता येतं ते दुरुस्तही करता येतं. तरीही पळाली तर डीएम एक्झेक प्लॅन अ‍ॅट्रिब्यूट्स या फंक्शनमधून दोन्ही प्लॅनचे सेट ऑप्शन्स बघा. स्टुडिओचा आकडा बहुधा ४३४७ दिसतो आणि अ‍ॅपचा २५१. मधला ४०९६ चा फरक म्हणजेच अरिथअबॉर्ट. भाषा आणि तारखेचा फॉरमॅटही त्या यादीत असतात. टेबलाच्या नावाआधी स्कीमा लिहिलेला नसेल तर युजरचा डिफॉल्ट स्कीमाही फरक पाडू शकतो.

प्रोसिजर चालवून अ‍ॅक्च्युअल प्लॅन हाती आला की सगळ्यात डावीकडच्या सिलेक्टवर क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा आणि पॅरामीटर लिस्ट बघा. तिथे कंपाइल्ड व्हॅल्यू आणि रनटाइम व्हॅल्यू शेजारी शेजारी असतात. एकीकडे छोट्या वितरकाचा नंबर, दुसरीकडे मोठ्याचा, आणि त्याबरोबर अंदाजे ओळी बारा, प्रत्यक्ष ओळी नऊ लाख, असं दिसलं की भांडण मिटलं. हा स्क्रीनशॉट कॉलवर टाकलात की इंग्रजी फार बोलावं लागत नाही.

याच सापळ्याचं दुसरं तोंड जास्त फसवं आहे. प्रोसिजर मोठी असते म्हणून आपण आतली क्वेरी नव्या खिडकीत उचलून आणतो, वर डिक्लेअर करून पॅरामीटरच्या जागी व्हेरिएबल ठेवतो आणि चालवतो. आपल्याला वाटतं हीच ती क्वेरी. ती नसते. लोकल व्हेरिएबलची किंमत प्लॅन करताना ऑप्टिमायझरला दिसत नाही. बरोबरच्या चिन्हाची तुलना असेल तर तो त्या कॉलमची सरासरी धरतो, पेक्षा मोठं किंवा लहान असेल तर थेट ३० टक्के ओळी येतील असं गृहीत धरतो. म्हणजे तुम्ही अ‍ॅपचा प्लॅन तपासत नाही, स्टुडिओचाही नाही, तिसराच काहीतरी तपासताय. तुकडा वेगळा काढायचाच असेल तर एसपी एक्झिक्यूटएसक्यूएल वापरून पॅरामीटर हे पॅरामीटर म्हणूनच पाठवा. आमच्या टीममध्ये मी नवीन मुलांना डिक्लेअर करून केलेली चाचणी मान्यच करत नाही.

तिसरं तोंड लहान आहे. कॉलम व्हारचार (साधा मजकूर) असतो आणि अ‍ॅप स्ट्रिंग एनव्हारचार (युनिकोड मजकूर) म्हणून पाठवतं. एनव्हारचारचा दर्जा वरचा, म्हणून रूपांतर कॉलमचं होतं, आणि काही कोलेशनमध्ये (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) त्यामुळे सीकच्या जागी पूर्ण स्कॅन होतो. प्लॅनमध्ये कन्व्हर्ट इंप्लिसिट दिसलं की पॅरामीटरचा टाइप तपासा.

उपायांवर थोडक्यात, कारण निदान पक्कं असेल तर उपाय फारसा अवघड नसतो. दोन्ही टोकांना चालेल असा इंडेक्स जमला, म्हणजे लागणारे कॉलम त्यातच समाविष्ट करून लुकअपच संपवता आला, तर तो पहिला. दिवसातून मोजक्या वेळा चालणाऱ्या रिपोर्टच्या त्या एका स्टेटमेंटला ऑप्शन रिकंपाइल (दर वेळी नवा प्लॅन कर, ही सूचना) लावायला हरकत नाही. सेकंदाला शेकडो वेळा येणाऱ्या प्रोसिजरला लावलात तर सीपीयू बसेल. पॅरामीटर रिकामा असला तर सगळं दाखव, अशा चार-पाच ऐच्छिक अटी एकाच व्हेअरमध्ये कोंबलेल्या सर्च स्क्रीनसाठी मात्र रिकंपाइल फार उपयोगी पडतं. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून क्वेरी स्टोअर, म्हणजे क्वेरींचे जुने प्लॅन साठवून ठेवणारी सोय, आहे, त्यात जुना चांगला प्लॅन सापडला तर तो फोर्स करता येतो. २०२२ मध्ये नव्या डेटाबेसला ते आपोआप चालू असतं. त्याच आवृत्तीत कंपॅटिबिलिटी लेव्हल १६० वर सर्व्हर एकाच क्वेरीचे वेगवेगळ्या किमतींसाठी वेगळे प्लॅन ठेवू शकतो, पण ते बरोबरच्या चिन्हाच्या तुलनांपुरतं, त्यामुळे त्याच्या भरवशावर झोपू नका.

आग लागलेली असताना तात्पुरतं काय? आधी प्लॅन फाइलमध्ये सेव्ह करा. मग फक्त त्या प्रोसिजरवर एसपी रिकंपाइल, म्हणजे पुढच्या वेळी तिचा प्लॅन नव्याने होईल. फ्री प्रॉक कॅशे ही कॅशे रिकामी करणारी कमांड प्लॅन हँडल (एका प्लॅनची ओळखखूण) न देता प्रॉडक्शनवर चालवू नका. कुणी सांगितलं तरी नाही. सगळ्यांचे प्लॅन एकदम उडतात आणि कुठली नवी प्रोसिजर वाईट प्लॅन घेऊन बसेल ते सांगता येत नाही.

नोलॉकबद्दल, म्हणजे लॉक न पाळता वाच या सूचनेबद्दल, मी फार बोलणार नाही. तो प्लॅनचा आजार बरा करत नाही, वर कमिट न झालेला डेटा दाखवतो आणि स्कॅन चालू असताना पानं हलली तर ओळ दोनदा मोजली जाते किंवा सुटते. पैशाच्या रिपोर्टमध्ये हे चालत नाही. नुसता टाइमआउट वाढवून तिकीट बंद करणाऱ्यांचाही मला तितकाच राग आहे.

टाइमआउटवरून एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती तुमच्या निदानाची दिशा चुकवते. वेळ संपते तेव्हा थांबण्याचा निरोप क्लायंटकडून येतो. सर्व्हर बॅच तिथेच थांबवतो, तुमचा कॅच ब्लॉक चालतच नाही. प्रोसिजरने ट्रान्झॅक्शन उघडलं असेल आणि एक्सॅक्ट अबॉर्ट (एरर आली की ट्रान्झॅक्शन आपोआप मागे घेणारं सेटिंग) ऑफ असेल तर ते उघडंच राहतं. कनेक्शन पूलमध्ये (पुन्हा वापरण्यासाठी ठेवलेल्या कनेक्शनांच्या साठ्यात) परत जातं आणि पुन्हा वापरलं जाईपर्यंत लॉक धरून ठेवतं. मग दुसऱ्याच स्क्रीनवर ब्लॉकिंगची तक्रार येते आणि टीम तिच्या मागे लागते. डेटा बदलणाऱ्या प्रोसिजरमध्ये सेट एक्सॅक्ट अबॉर्ट ऑन असलंच पाहिजे. ट्राय कॅच लिहिलंय म्हणून ते सोडू नका.

हे सगळं वाचून डोकं जड झालं असेल तर ठीक आहे, मलाही हे एका बैठकीत कळलेलं नाही. इंटरव्ह्यूच्या प्रश्नोत्तरांच्या पीडीएफ पाठ करण्यात संध्याकाळी घालवू नका, त्याऐवजी घरच्या लॅपटॉपवर हे करून बघा. डेव्हलपर एडिशन फुकट आहे. वर सांगितलं तसं दहा लाख ओळींचं टेबल बनवा, नऊ लाख ओळींना एकच वितरक द्या, वितरकाच्या कॉलमवर साधा नॉनक्लस्टर्ड इंडेक्स ठेवा आणि त्या वितरकाच्या सगळ्या ऑर्डरी सगळ्या कॉलमसकट आणणारी चार ओळींची प्रोसिजर लिहा. सेट स्टॅटिस्टिक्स आयओ ऑन करा. आधी छोटा वितरक चालवा, मग मोठा, आणि लॉजिकल रीड्स (मेमरीतून वाचलेली डेटाची पानं) लिहून ठेवा. एसपी रिकंपाइल करून उलट क्रमाने तेच करा. मोठ्याचे रीड्स लाखांवरून हजारांवर येतील आणि छोट्याचे नको इतके वाढलेले दिसतील. शेवटी दुसरी खिडकी उघडून तिथे अरिथअबॉर्ट ऑफ करा, प्रोसिजर पुन्हा चालवा आणि कॅशेमध्ये तिच्या नावावर दोन प्लॅन सापडतात का ते बघा.