जुना 'प्रिन्स' नव्या विंडोजवर चालवायचा तर

'प्रिन्स ऑफ पर्शिया', 'डेव्ह' असे डॉसवरचे (विंडोजच्या आधीच्या जुन्या प्रणालीवरचे) खेळ 64 बिट विंडोजवर डबल क्लिकने उघडत नाहीत. 'हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही' अशा अर्थाची पाटी येते. फाइल खराब नसते. डॉसबॉक्स हा मोफत प्रोग्राम त्यावर पुरेसा आहे, आणि आज्ञा टाइप करण्याचीही गरज नाही.

1. डॉसबॉक्स इन्स्टॉल करा.
2. खेळाच्या सगळ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये ठेवा. झिपमध्ये असतील तर आधी बाहेर काढा. फोल्डरचं नाव इंग्रजीत, आठ अक्षरांच्या आत, मध्ये जागा न सोडता.
3. खेळाची ईएक्सई फाइल (खेळ सुरू करणारी, नावाच्या शेवटी .exe असलेली) माउसने ओढून डॉसबॉक्सच्या डेस्कटॉपवरच्या आयकॉनवर सोडा. खेळ थेट सुरू होतो.

पूर्ण पडद्यासाठी ऑल्ट + एंटर. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल + एफ10.

खरी कटकट वेगाची. खेळ भरधाव पळत असेल तर कंट्रोल + एफ11 थोडं थोडं दाबत वेग उतरवा. फार संथ चालत असेल तर कंट्रोल + एफ12. बऱ्याच लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं, नाहीतर आवाज किंवा उजेडच बदलतो. प्रिन्समध्ये तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल + जी ने खेळ सेव्ह होतो. कंट्रोल + एफ9 ने डॉसबॉक्स तडक बंद होतो, म्हणून आधी सेव्ह करा.

आयकॉनवर अख्खा सी ड्राइव्ह कधीही ओढू नका. आतल्या प्रोग्रामला तिथल्या फाइली बदलता, पुसता येतात. फक्त खेळाचं फोल्डर द्या.