प्लेटवर वसाहती आल्या, पण प्लाझ्मिड आत गेलं का? प्रात्यक्षिकातल्या या चुका टाळा

सकाळी अँपिसिलिन या प्रतिजैविकाच्या प्लेटवर जीवाणूंच्या वसाहती दिसल्या की जर्नलमध्ये ‘ट्रान्सफॉर्मेशन झालं’ (म्हणजे पेशींनी बाहेरचा डीएनए आत घेतला) असं लिहून मोकळं व्हावंसं वाटतं. त्याआधी प्लेट उजेडात धरून नीट बघा. एका मोठ्या वसाहतीभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक वसाहतींचं कोंडाळं असेल, तर त्या बारक्यांमध्ये बहुधा प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्रापासून वेगळा, गोल डीएनए) नाहीच. मोठ्या वसाहतीतल्या प्लाझ्मिडवर बीटा-लॅक्टमेज या विकराचं (एन्झाइमचं) जनुक असतं. हे विकर बाहेर झिरपून आसपासचं अँपिसिलिन फोडतं आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत प्लाझ्मिड नसलेल्या पेशी निवांत वाढतात. म्हणून प्लेट 16 ते 18 तासांत इन्क्युबेटरमधून काढायची. शनिवारी दुपारी ठेवून सोमवारी बघितली, तर मोठ्या वसाहतींभोवती सगळीकडे ही पिलावळ दिसणार. अँपिसिलिन घालताना अगार हाताला सोसवेल इतकं, म्हणजे साधारण 50 अंश सेल्सिअसपर्यंत, निवलेलं हवं. आणि निवडताना नेहमी मोठी, सुटी वसाहत उचलायची.

माझ्या मते सगळ्यात वाईट सवय म्हणजे प्लेटा कमी आहेत म्हणून कंट्रोल (तुलनेच्या प्लेटा) गाळणं. डीएनए न घातलेल्या कॉम्पिटंट (डीएनए आत घ्यायला तयार केलेल्या) पेशी अँपिसिलिनवर पसरा: तिथे काही उगवलं तर औषध मेलेलं आहे किंवा पेशीच भेसळीच्या आहेत. त्याच पेशी साध्या अगारवर पसरा: तिथे काही उगवलं नाही तर पेशी आधीच मेलेल्या होत्या. तिसरी प्लेट खात्रीच्या प्लाझ्मिडची, उदाहरणार्थ पीयूसी19. या तीन प्लेटा नसतील, तर रिकाम्या प्लेटचं कारण शोधायला कुठून सुरुवात करायची तेच कळत नाही.

वसाहती अजिबात आल्या नाहीत तर बहुतेक जण डीएनए वाढवतात. त्याने फारसं साधत नाही. पेशी मर्यादित डीएनएच आत घेतात आणि लायगेशनचं (डीएनएचे तुकडे जोडण्याचं) मिश्रण जास्त ओतलं तर त्यातल्या क्षारांनी उलट नुकसान होतं. 50 मायक्रोलिटर पेशींना 5 मायक्रोलिटरपेक्षा जास्त नको. आधी पेशींकडे बघा. कॅल्शियम क्लोराइड दिलेल्या पेशी अतिशय नाजूक असतात. त्या बर्फावरच वितळवायच्या, व्हॉर्टेक्सला (जोरात घुसळणाऱ्या यंत्राला) लावायच्या नाहीत, आणि 42 अंशांचा हीट शॉक देताना वॉटर बाथच्या आकड्यावर विसंबू नका, पाण्यात थर्मामीटर बुडवून बघा. नंतरचा तासभराचा रिकव्हरीचा (पेशी सावरण्याचा) वेळ कनामायसिन हे प्रतिजैविक वापरताना तर कापूच नका. अँपिसिलिन वाढत्या पेशीच्या भित्तिकेवर घाव घालतं, त्यामुळे तिथे थोडी घाई खपते. कनामायसिन थेट रायबोझोमवर बसतं. पेशीने त्याविरुद्धचं विकर आधी बनवून ठेवलेलं नसेल तर प्लाझ्मिड आत असूनही ती मरते.

कॉन्जुगेशनच्या (एका जीवाणूने दुसऱ्याला स्पर्शाने प्लाझ्मिड देण्याच्या) प्रात्यक्षिकात गोंधळ वेगळ्या जागी होतो. दात्यावर एका औषधाला प्रतिकार देणारं प्लाझ्मिड असतं, ग्राहक स्ट्रेप्टोमायसिनला दाद देत नाही, आणि दोन्ही औषधं घातलेल्या प्लेटवर उगवेल ते ट्रान्सकॉन्जुगंट, म्हणजे प्लाझ्मिड मिळालेले ग्राहक, असं आपण धरतो. पण दात्याच्या अब्जावधी पेशींत एखादी आपोआप उत्परिवर्तन होऊन स्ट्रेप्टोमायसिनला पुरून उरू शकते. म्हणून दाता एकटा आणि ग्राहक एकटा, दोघंही त्या दुहेरी प्लेटवर पसरलेच पाहिजेत. दात्याचं कल्चर रात्रभर वाढवलेलं नको, नव्याने लावून वाढीच्या भरात असलेलं हवं. वाढ थांबून स्थिरावलेल्या, एफ (कॉन्जुगेशन घडवणारं एक प्लाझ्मिड) धारक पेशींवर पिलाय (दुसऱ्या पेशीला पकडणारे केसासारखे धागे) नसतात आणि त्या चक्क ग्राहकासारख्या वागतात. मिश्रण 37 अंशांवर न हलवता ठेवा. फ्लास्क शेकरवर ठेवला तर जुळलेल्या जोड्या तुटतात.

‘दात्याने प्लाझ्मिड दिलं, म्हणजे त्याच्याकडे उरलं नाही ना?’ हा प्रश्न तोंडी परीक्षेत हटकून चुकतो. प्लाझ्मिडच्या ओरिटी या जागी एका धाग्याला छेद जातो, तो धागा ग्राहकात सरकतो आणि दोन्हीकडे पूरक धागा नव्याने बनतो. शेवटी दोघांकडेही प्लाझ्मिड असतं. म्हणूनच ही गोष्ट एखाद्या साथीसारखी पसरते. जपानमध्ये 1950 च्या दशकात आमांशाचे शिगेला जीवाणू एकाच वेळी स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सल्फा औषधांना जुमानेनासे झाले. चार वेगवेगळी उत्परिवर्तनं एकाच पेशीत जुळून येणं जवळपास अशक्य. प्रतिकाराची सगळी जनुकं एकाच प्लाझ्मिडवर बसून एका जीवाणूतून दुसऱ्यात जात होती.

जनुक ट्रान्सफॉर्मेशनने गेलं की कॉन्जुगेशनने, असा संशय आला तर मिश्रणात डीएनेज घाला. उघडा डीएनए त्याने नष्ट होतो, त्यामुळे ट्रान्सफॉर्मेशन थांबतं, कॉन्जुगेशन चालू राहतं. 1950 मध्ये सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बर्नार्ड डेव्हिस यांनी यू आकाराच्या नळीत मध्ये पेशी अडवणारी गाळणी बसवून जीवाणूचे दोन स्ट्रेन (वाण) वेगळे ठेवले, तेव्हा हस्तांतरण थांबलं आणि पेशींचा प्रत्यक्ष स्पर्श लागतो हे दिसलं.

जेलवर प्लाझ्मिडचे दोन-तीन पट्टे दिसले म्हणजे भेसळ, असंही लगेच ठरवू नका. पीळदार, सैल आणि सरळ झालेला, अशी एकाच रेणूची ही रूपं वेगवेगळ्या वेगाने धावतात, आणि रेषीय लॅडरशी (ठरावीक लांबीच्या सरळ डीएनएच्या पट्ट्यांशी) त्यांची तुलना करून आकार काढला तर तो चुकतोच. एकदाच कापणारं विकर घाला, मग मोजा.

प्लाझ्मिडचं कल्चर औषधाविना वाढवत राहिलात तर ते हळूहळू रिकामं होतं. एफ प्लाझ्मिडच्या पेशीत एक-दोनच प्रती असतात, तरी ते टिकतं, कारण पेशी दुभंगताना वाटणी करणारी यंत्रणा आणि प्लाझ्मिड गमावलेल्या पेशीला मारणारं विष, दोन्ही त्याच्याजवळ असतं. पीयूसी19 जवळ यातलं काही नाही. शेकडो प्रतींच्या भरवशावर ते चालतं, म्हणून दर वेळी मीडियात अँपिसिलिन हवंच.

काम झाल्यावर प्लेटा आणि कल्चर 121 अंशांवर निदान 15 मिनिटं ऑटोक्लेव्ह करूनच टाका, आणि बायोहॅझर्ड पिशवी गच्च भरली असेल तर वेळ वाढवा. मधल्या प्लेटांपर्यंत वाफ पोचायला उशीर लागतो. ट्रान्सकॉन्जुगंट असलेलं कल्चर तसंच बेसिनमध्ये ओतलेलं मी पाहिलं आहे. त्या नळीतून पुढे ते प्लाझ्मिड कुठल्या जीवाणूच्या हाती लागेल, हे आपल्याला कधीच कळणार नाही.