सीटीत सायनस फुगलेलं दिसलं, तर कारण कसं शोधायचं

कपाळातलं सायनस (हाडातली हवेची पोकळी) माणसागणिक इतकं बदलतं की नुसत्या मापावरून आजार ठरवणं फसवं. साधारण १ मिमी जाडीचे काप घ्या, हाडाची विंडो (हाड नीट दिसेल अशी चित्राची सेटिंग) लावा. मग बघा: आत हवाच आहे ना, भिंत बाहेर फुगलीय का, भिंत शाबूत आहे का.

हवेऐवजी करडा भराव असेल तर वाटच वेगळी: म्युकोसील (शेंबडाने भरून फुगलेलं सायनस), वरच्या दाताशी निघालेली सिस्ट (पाण्याची गाठ), नाहीतर ॲलर्जिक फंगल सायनसायटिस (बुरशीच्या ॲलर्जीची सूज). फंगलमध्ये सीटीत भरावात पांढुरके पट्टे दिसतात. एमआरआयच्या टी-२ या प्रकारच्या चित्रात मात्र तोच भाग काळाकुट्ट पडतो आणि नवखा डॉक्टर ‘हवा आहे, सायनस मोकळं’ असं लिहून बसतो. म्हणून सीटी शेजारी उघडी ठेवूनच एमआरआय वाचावा.

आत हवाच असेल आणि सायनस नुसतं ऐसपैस, भिंत जागच्या जागी, तक्रार नाही, तर तो हायपरसायनस, सोडून द्या. भिंत बाहेर फुगलीय पण जाडी नेहमीची, तर न्यूमोसायनस डायलेटन्स. भिंत पातळ झाली किंवा कुठे तुटली, तर न्यूमोसील. अशा फुगण्याचं एक कारण सायनसच्या तोंडाशी बसलेली एकमार्गी झडप असावी, असं मानतात: हवा आत जाते, बाहेर येत नाही.

खरी चूक होते ती स्फिनॉइड आणि मागच्या एथमॉइड या नाकामागच्या खोल सायनसांपाशी. तिथली हवा वर, ऑप्टिक कालव्याकडे (डोळ्याची नस जाते त्या हाडातल्या वाटेकडे) फुगलेली दिसली की शेजारी मेनिंजिओमा (मेंदूच्या किंवा डोळ्याच्या नसेच्या आवरणाची गाठ) शोधायचाच. साध्या सीटीत छोटी गाठ निसटते. चरबीची चमक दाबलेला, कॉन्ट्रास्ट दिलेला डोळ्यांच्या खोबणीचा एमआरआय मागवा आणि नजर व फील्ड (नजरेचा आवाका) तपासून घ्या. गाठ नसतानाही असं फुगतं, पण ते एमआरआयनंतर म्हणायचं.

एकाच बाजूचं कपाळी सायनस मोठं, त्याच बाजूची कवटी जाड? मग मेंदूकडे बघा. लहानपणी अर्धा मेंदू खुरटला की कवटीत जागा उरते. ती भरायला हाड आतून जाड होतं, सायनस पसरतं. हा डाइक-डेव्हिडॉफ-मॅसन सिंड्रोम. लहानपणापासून फिट्स, विरुद्ध बाजूच्या हातापायात कमजोरी आहे का विचारा. हायड्रोसेफॅलसमध्ये (मेंदूत पाणी साठणं) ते पाणी काढायला शंट, म्हणजे नळी, बसवलेली असेल तरीही हेच गणित.

दोन्हीकडची सायनसं मोठी, खालचा जबडा पुढे, अंगठी घट्ट झालेली, चपलेचा नंबर वाढलेला: ॲक्रोमेगली (मोठेपणी ग्रोथ हार्मोन जास्त झाल्याचा आजार). आधी रक्तातलं आयजीएफ-१ (ग्रोथ हार्मोनमुळे बनणारं रसायन) तपासा, मग गरजेनुसार ७५ ग्रॅम ग्लुकोज देऊन ग्रोथ हार्मोन मोजा, त्यानंतर पिट्युटरीचा (मेंदूखालच्या ग्रंथीचा) एमआरआय.